इन्सुलिनची बाटली : सांभाळावी कशी, बिघडली हे ओळखावे कसे



या अंकातला आरोग्यपाठ इन्सुलिनविषयी आहे. मधुमेह हा शहरातल्या, खात्यापित्या घरांचा आजार आहे, आपल्या पाड्यांवर त्याचे काय काम, असे अजूनही काही जणांना वाटते. सातपुड्याच्या पायथ्याला काम करताना मला आता वेगळे चित्र दिसते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या पाड्यावर साखरेच्या गोळ्या घेणारे कोणी ना कोणी आहे. काही घरांत इन्सुलिनची सुई रोज टोचून घ्यावी लागते, आणि त्यांतली दोन-चार घरे लहान मुलांची आहेत.

तालुक्याच्या रुग्णालयात इन्सुलिन मिळते. डॉक्टर मात्रा ठरवून देतात, नर्सताई टोचायला शिकवतात. त्यानंतर बाटली जाते पत्र्याच्या घरात, जिथे फ्रीज नाही, वीज आली तर आली, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. बाटली सांभाळायची कशी हे नीट समजावून सांगायला कोणाजवळ वेळ नसतो. म्हणून हा पाठ. आपल्या मंडळीतील प्रत्येक सभासदाने तो वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

पाठातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. बिघडलेले इन्सुलिन कधी डोळ्यांना दिसते आणि कधी अजिबात दिसत नाही. म्हणून बाटली नुसती पाहून भागत नाही. ती कधी उघडली आणि कुठे ठेवली, हेही माहीत असावे लागते. एखाद्याची साखर कारण नसताना वाढू लागली, तर आधी बाटलीची चौकशी करावी, मग माणसाची.

इन्सुलिन इतके नाजूक का?

इन्सुलिन हे आपल्या पोटातल्या स्वादुपिंडात तयार होणारे द्रव्य आहे. जेवणातली साखर रक्तातून शरीराच्या पेशींत पोहोचवण्याचे काम ते करते. काही जणांच्या, विशेषतः लहान वयात मधुमेह झालेल्या मुलांच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. अशा मुलांना बाहेरून इन्सुलिन मिळाले नाही, तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत अशी मुले वाचत नसत. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून हे द्रव्य वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. शोधाचे हक्क त्यांनी टोरांटो विद्यापीठाला केवळ एकेका डॉलरला दिले. हे औषध सगळ्यांचे असावे, अशी त्यांची भावना होती.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. अंड्यातला पांढरा भागही प्रथिनच असतो. तो तापवला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. इन्सुलिनचे अगदी तसेच होत नसले, तरी समजायला हे उदाहरण चांगले आहे. फार उष्णता लागली, गोठले किंवा जोरजोरात हलवले, तर त्याच्या कणांची घडण मोडते आणि ते एकमेकांना चिकटतात. एकदा मोडलेली घडण पुन्हा जुळत नाही. तापलेली बाटली नंतर गार केली किंवा गोठलेली वितळवली, तरी गेलेली ताकद परत येत नाही.

तीन शत्रू

पहिला शत्रू उष्णता आणि ऊन. चुलीजवळची फळी, पत्र्याखालचे माळे, खिडकीतला कोनाडा, टीव्हीची वरची बाजू, मोटारसायकलची डिकी, जीपचा डॅशबोर्ड, या सगळ्या जागा वाईट. घरातल्या हवेपेक्षा पत्र्याला लागून असलेली हवा कितीतरी जास्त तापते. उन्हाचा उजेडही इन्सुलिनला सोसत नाही, म्हणून बाटली तिच्या कागदी खोक्यातच ठेवावी. खोके फेकू नये.

दुसरा शत्रू गोठणे. हा शत्रू कमी लोकांना ठाऊक असतो. ‘थंड ठेवा’ असे सांगितले की माणूस म्हणतो, मग बर्फातच ठेवू, जास्त चांगले. एका निवासी शाळेत मी हे पाहिले. आठवीतल्या एका मुलीच्या दोन नव्या बाटल्या कोणीतरी चांगल्या हेतूनेच स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. जुनी बाटली संपली आणि त्यांतली एक सुरू झाली. तीन-चार दिवसांत मुलीला सारखी तहान लागू लागली, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. ती चोरून गोड खाते असे समजून तिला रागावण्यातही आले. ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा ती गुंगीत होती. देवाच्या दयेने आणि तिथल्या डॉक्टरांच्या धावपळीने ती वाचली. नंतर बाटली उजेडात धरून पाहिली, तर आतल्या काचेला पांढरे कण चिकटलेले होते. मुलीने चोरून काहीही खाल्ले नव्हते.

तिसरा शत्रू हादरा. बाटली जोरात हलवू नये. खडबडीत रस्त्याने जाताना ती पिशवीत सुटी आदळत राहू नये. मऊ कापडात गुंडाळून, डब्यात घट्ट बसवून न्यावी.

न उघडलेली बाटली आणि चालू बाटली

या दोन बाटल्यांचे नियम वेगळे आहेत.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवली, तर तिच्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत टिकते. फ्रीजमध्ये ठेवताना ती मधल्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या पाठीला टेकवू नये. गावातल्या दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली असेल, तर त्याला हे नीट सांगावे आणि अधूनमधून जाऊन पाहावे. थंड पेयांच्या बाटल्या लवकर गार व्हाव्यात म्हणून दुकानदार फ्रीज फार वाढवून ठेवतात.

चालू बाटली, म्हणजे जिच्या रबरी बुचातून सुई एकदा तरी गेली आहे ती, फ्रीजबाहेर गार जागेत ठेवली तरी चालते. बहुतेक बाटल्यांना त्यासाठी २५ किंवा ३० अंशांखाली २८ दिवसांची मर्यादा असते. काहींच्या माहितीपत्रकात सहा आठवडेही दिलेले असतात. आपल्या बाटलीची मर्यादा किती, हे मेडिकलवाल्याकडून किंवा नर्सताईंकडून एकदा वाचून घ्यावे आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे.

इथे एक अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, म्हणजे पूर्ण बाटलीत ४०० युनिट. दिवसाला २० युनिट घेणाऱ्याची बाटली २० दिवसांत संपते, त्याला प्रश्न नाही. पण ज्याला दिवसाला १० युनिटच लागतात, त्याची बाटली २८ दिवसांनंतरही १२० युनिट शिल्लक असते. लहान मुलांचे तर आणखी उरते. गरीब घरातली आई ती बाटली टाकून देईल का? नाही टाकणार. शेवटच्या थेंबापर्यंत वापरणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही. अशा घरांची डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी आणि नवी बाटली वेळेवर मिळेल अशी तजवीज करावी. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य मिळू शकते. जायला-यायला भाडे नसते, म्हणून अनेक जण जात नाहीत.

यावर एक सोपी सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. बाटली उघडली त्या दिवशी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहायची. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलाने लिहावी, किंवा कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती आणि मुदत संपते त्या दिवसाभोवती गोल करावा. फ्रीज असो वा नसो, ही एक सवय प्रत्येक घराला जमते.

फ्रीज नसलेल्या घरात

फ्रीज नाही म्हणजे इन्सुलिन घेताच येणार नाही, असे मुळीच नाही. केनियातील दादाब भागातल्या दागाहले निर्वासित छावणीत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था काम करते. तिथे घरांतले तापमान दिवसभरात २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चढते-उतरते. जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याच तापमानात चार आठवडे ठेवलेले इन्सुलिन प्रयोगशाळेत तपासले. त्याची ताकद एक टक्क्याहून जास्त कमी झाली नव्हती. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही असेच दिसले, की न उघडलेले काही प्रकारचे मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ताकद फारशी न गमावता टिकू शकते. म्हणजे दोन दिवस वीज गेली म्हणून घाबरून चांगली बाटली फेकून द्यायची गरज नाही.

पण हे निष्कर्ष ३७ अंशांपर्यंतचे आहेत, हे विसरू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त तापते. आपल्याला तेवढे खाली आणायचे आहे, आणि त्यासाठी माठ पुरतो.

माठाची रीत अशी :

१. कुंभाराकडून दोन मडकी आणावीत, एक मोठे आणि एक त्यात सैल बसेल असे लहान. रंग किंवा चकाकी दिलेली नकोत. माती पाझरली तरच गारवा येतो. फार जुन्या माठाची छिद्रे बुजलेली असतात, तो गार करत नाही.

२. मोठ्या मडक्यात तळाला नदीची धुतलेली वाळू घालून त्यावर लहान मडके ठेवावे. दोन्हींच्या मधल्या जागेत, साधारण दोन बोटे, वाळू भरावी.

३. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवावी. कडक उन्हाळ्यात दुपारी आणखी एकदा.

४. बाटली तिच्या खोक्यासह झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून लहान मडक्यात ठेवावी. बाटलीला पाणी लागू देऊ नये, नाहीतर वरचा कागद सुटतो आणि कोणते इन्सुलिन आहे हेच कळत नाही. वरून ओले गोणपाट झाकावे.

५. मडके सावलीत, वाऱ्याच्या जागी आणि तिवईवर ठेवावे, म्हणजे खालूनही हवा खेळेल. बंद कपाटात किंवा कोंदट कोपऱ्यात ठेवले तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीची खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा चांगली.

दोन मडकी जमली नाहीत, तर एकच माठ रिकामा ठेवून बाहेरून ओले फडके गुंडाळले तरी काम होते. शक्य झाल्यास आत एक साधा खोलीचा थर्मामीटर ठेवावा, म्हणजे अंदाजावर राहावे लागत नाही.

पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे माठ फारसा गार होत नाही. पण त्या दिवसांत मुळात हवाच उन्हाळ्याइतकी तापलेली नसते. त्या वेळी बाटली कोरड्या, सावलीच्या जागी ठेवली म्हणजे झाले. वाळू ओली ठेवली तर डब्यात बुरशी धरते.

प्रवासात आणि ऊसतोडीला

तालुक्याहून बाटली आणताना धुऊन कोरडा केलेला थर्मास न्यावा. बर्फ घ्यायचा असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर जाड फडके गुंडाळून ठेवावा. बाटली बर्फाला टेकता कामा नये. नुसत्या दोन-तीन तासांच्या वाटेसाठी बर्फ नसला तरी ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा चालतो. पिशवी आपल्या मांडीवर ठेवावी, जीपच्या टपावर नाही.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. त्यांच्यात इन्सुलिन घेणारे कोणी असेल, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. डॉक्टरांचा कागद सोबत घ्यावा, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात पुढची बाटली मिळवणे सोपे जाते. किती बाटल्या न्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि टोळीतल्या आणखी एका माणसाला आजाराची माहिती द्यावी. कोपीत ऊन येते, म्हणून बाटलीचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाच्या सावलीत टांगावा, आणि सावली सरकली की जागा बदलावी. एक मावशी डबा पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवत आणि दिवसभर तिथे थांबणाऱ्या आपल्या नातीला राखण सांगत. पूर्ण हंगामात त्यांची साखर फारशी बिघडली नाही.

बाटली पाहावी कशी

सुई भरण्यापूर्वी दर वेळी बाटली उजेडात धरून पाहावी. पण आपले इन्सुलिन मुळात स्वच्छ असते की दुधाळ, हे आधी माहीत हवे.

स्वच्छ इन्सुलिन पाण्यासारखे पारदर्शक असते. जेवणाआधी घ्यायचे साधे इन्सुलिन असे असते. ग्लार्जिनसारखे दिवसभर चालणारे काही प्रकारही पारदर्शकच असतात. असे इन्सुलिन गढूळ दिसले, पिवळसर झाले, त्यात धागे किंवा कण तरंगताना दिसले, तर ते बिघडले. वापरू नये.

दुधाळ इन्सुलिन मुळातच पांढरे असते. आपल्याकडे ज्याला ‘तीस-सत्तर’ म्हणतात ते मिश्र इन्सुलिन या प्रकारचे. ठेवून दिले की पांढरा भाग तळाला बसतो आणि वर पाणी राहते. यात बिघाड नाही. बाटली दोन्ही तळहातांमध्ये आडवी धरून दहा वेळा हळू फिरवावी आणि दहा वेळा सावकाश वर-खाली करावी. मग ती सगळीकडे सारखी दुधासारखी दिसली पाहिजे. तशी झाली नाही, गुठळ्या राहिल्या, तळाला थर चिकटून राहिला किंवा काचेवर आतून हिवातल्या दवासारखे पांढरे कण दिसले, तर ती बाटली बाजूला ठेवावी.

दोन चुका नेहमी होतात. कोणी चांगले दुधाळ इन्सुलिन ‘नासले’ म्हणून फेकतात. आणि कोणी न फिरवताच वरचे पाणी भरून घेतात. मग आधी एक प्रकारची मात्रा जाते आणि बाटली संपत आली की दुसऱ्याच प्रकारची. बाटली चांगली असूनही साखर वर-खाली होत राहते.

डोळ्यांना न दिसणारा बिघाड

उन्हात तापलेले इन्सुलिन पुष्कळदा अगदी चांगल्यासारखे दिसते. वितळलेली स्वच्छ बाटलीसुद्धा नितळ दिसू शकते. ताकद मात्र कमी झालेली असते. हे कळते ते साखरेवरून. खाणे तेच, काम तेच, मात्रा तीच, तरी दोन-तीन दिवस साखर चढतीच राहिली, तर बाटलीचा संशय घ्यावा. ग्लुकोमीटर नसेल तर पुन्हा पुन्हा लागणारी तहान, वारंवार लघवी आणि थकवा ही लक्षणे पाहावीत.

अर्थात साखर वाढायला इतरही कारणे असतात. ताप किंवा जखम चिघळलेली असणे, एखादी सुई चुकणे, एकाच जागी टोचून तिथे गाठ येणे. एक कारण फार सापडते, ते चुकीच्या सिरिंजचे. ४० युनिटांच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते आणि १०० युनिटांच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने दहा रेघा भरल्या, तर दहाच्या जागी चारच युनिट जातात. उलट १०० च्या इन्सुलिनला लाल सिरिंज वापरली, तर दहाच्या जागी २५ युनिट जातात आणि साखर एकदम खाली येऊन जीवावर बेतते. म्हणून बाटली, सिरिंज आणि टोचण्याची जागा, तिन्ही तपासावे. तरी कारण सापडले नाही, तर त्याच मात्रेत नवी बाटली सुरू करून पाहावी. एक-दोन दिवसांत साखर उतरली, तर दोष जुन्या बाटलीचा होता.

बाटलीची चौकशी आधी करावी असे मी म्हणते, त्याला कारण आहे. साखर वाढली की घरचे, शेजारी, कधी कधी दवाखान्यातलेही लोक रुग्णालाच बोलतात, ‘तू पथ्य पाळत नाहीस.’ पथ्य पाळूनही बोलणे खाल्लेला माणूस हळूहळू म्हणू लागतो, ‘मला सुई लागू पडत नाही.’ मग तो सुई सोडतो आणि झाडपाल्याकडे वळतो. आपल्या मंडळ्यांत कोणी असेही म्हणते, की प्रार्थना झाली, आता सुईची गरज नाही. प्रार्थना जरूर करावी. पण ती इन्सुलिन बंद करण्याचे कारण होऊ देऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवासही धरू नये.

शंका आली तर काय करावे

पहिली गोष्ट, इन्सुलिन एकदम बंद करू नये. विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांचे तर कधीच नाही. बाटलीत गुठळ्या, कण किंवा रंग दिसत असेल, तर ती वापरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाटली चांगली दिसते पण २८ दिवस उलटले आहेत किंवा तापली असावी, आणि दुसरी जवळ नाही, तर नवी मिळेपर्यंत तीच घ्यावी आणि लगेच नवीची व्यवस्था करावी. काहीच न घेण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाटली कमजोर झालेली असताना साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली असेल, आणि मग नवी, पूर्ण ताकदीची बाटली सुरू केली, तर तीच वाढीव मात्रा जास्त होऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर फार उतरल्याची लक्षणे आहेत. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे. म्हणून डॉक्टरांना नेहमी सांगावे, ‘बाटली बदलली आहे.’ जुनी बाटली आणि खोकेही सोबत दाखवायला न्यावे.

तिसरी गोष्ट, उलट्या, पोटदुखी, जोरात आणि खोल श्वास, श्वासाला फळांसारखा वास, गुंगी ही लक्षणे दिसली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे.

मंडळीने काय करावे

या कामाला फार पैसा लागत नाही. आपल्या मंडळीत किंवा पाड्यावर इन्सुलिन घेणारे किती जण आहेत, ते पाळकांनी आणि महिला मंडळाने आशाताईंच्या मदतीने माहीत करून घ्यावे, आणि त्यांची नावे चव्हाट्यावर येणार नाहीत याची काळजी घ्यावी. उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक घरी दोन मडकी आणि एक थर्मामीटर पोहोचवावा. फ्रीज असलेल्या सभासदाने शेजारच्या रुग्णाच्या न उघडलेल्या बाटल्या ठेवून घ्याव्यात. महिन्यातून एकदा, उपासना झाल्यावर, चिकटपट्टीवरची तारीख पाहावी. तालुक्याला जाणाऱ्या कोणीतरी दोघा-तिघांच्या बाटल्या एकदम आणल्या, तर प्रत्येकाचे भाडे वाचते. निवासी शाळेत आपले मूल असेल, तर अधीक्षकांना भेटून बाटली कोणत्या कप्प्यात ठेवली आहे ते स्वतः पाहावे. आपला पाठिंबा देणाऱ्या दूरच्या वाचकांनाही विनंती, की रुग्णांच्या प्रवासभाड्याचा विचार करावा. वेळेवर गेलेली एक फेरी मुलाला रुग्णालयात भरती होण्यापासून वाचवते.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात मे महिन्यात सर्वांत गार जागा कोणती? तिथे ऊन किती वाजता येते?

२. स्वच्छ आणि दुधाळ इन्सुलिनमधला बिघाड कसा ओळखाल? दोन्हींची लक्षणे एकमेकांना सांगा.

३. चांगली दिसणारी बाटली कमजोर झाली आहे, हे कशावरून कळेल?

४. साखर वाढलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? तो कोणता असावा?

५. आपल्या पाड्यावरून नवी बाटली आणायला किती वेळ आणि किती भाडे लागते? त्यात मंडळी काय करू शकते?

पाठ झाल्यावर कोणाकडे चालू बाटली असेल, तर ती सर्वांसमोर न दाखवता, बाजूला बसून, उजेडात धरून पाहावी. तारीख लिहिलेली नसेल तर त्याच वेळी लिहावी.